लोकलला नवे आहात? सुरुवात न्हाणीघरापासून

मुंबईत नोकरी लागली, डोंबिवलीला नाहीतर नालासोपाऱ्याला खोली मिळाली, आणि सोमवारपासून लोकल. सांगली, नांदेड, अकोल्याहून आलेल्या पोरापोरींना पहिला आठवडाभर इथली माणसं उद्धट वाटतात. 'जरा सरकता का' असं कोणी म्हणत नाही, खांद्याला हात लावून सरळ बाजूला करतात. त्यात राग नसतो, फक्त वेळ नसतो. गोड बोलण्याला इथे फार भाव नाही. तुम्ही दुसऱ्याच्या वाटेत किती कमी येता ते बघितलं जातं. अंगाने, पिशवीने, वासाने आणि आवाजाने. मी मध्य रेल्वेची, त्यामुळे उदाहरणं डोंबिवली-दादरची जास्त येतील. पश्चिमवाल्यांनी आपापली स्टेशनं घालून वाचावं.

१. घर सोडण्याआधी

गर्दीच्या डब्यात तुम्ही हात वर करून हँडल धरता. तुमची काख तेव्हा तुमच्यापेक्षा चार बोटं बुटक्या माणसाच्या बरोबर नाकासमोर येते आणि कुर्ल्यापासून दादरपर्यंत तिथून हलत नाही. त्याला मान वळवायलाही जागा नसते. लोकलमधल्या शिष्टाचाराचा पहिला धडा हा असा आहे, आणि तो कोणी तोंडावर सांगत नाही. लोक फक्त नाक मुरडून दुसरीकडे बघतात.

म्हणून सकाळची अंघोळ हवीच. 'रात्री केली होती' हे मुंबईच्या दमट हवेत चालत नाही. घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो, तो कातडीवरच्या जिवाणूंमुळे येतो. त्यामुळे काख साबणाने धुवायची, टॉवेलने पूर्ण कोरडी करायची आणि मग रोल-ऑन लावायचं. घाम कमी करणारं, म्हणजे अँटीपर्स्पिरंट, वापरत असाल तर ते रात्री झोपताना कोरड्या कातडीवर लावलेलं जास्त लागू पडतं. एवढा खर्च नको असेल तर तुरटीचा खडा ओल्या काखेवर फिरवा. एक खडा कित्येक महिने पुरतो आणि त्याला स्वतःचा वासही नसतो.

न धुतलेल्या अंगावर स्प्रे मारून निघणं हा उपाय नव्हे. घाम परवडला, पण घाम अधिक लव्हेंडर नको. डब्यात उभं राहून फुसफुस स्प्रे मारणारे महाभागही असतात. शेजारी दम्याचं माणूस असू शकतं एवढं तरी डोक्यात ठेवावं. अत्तराचा शौक असेल तर एक थेंब मनगटाला. एसी लोकलमध्ये तोही जपून, कारण दारं बंद आणि हवा तीच. तुमचं उंची अत्तर भायखळा येईपर्यंत अख्ख्या डब्याचं होतं.

कपडे सुती बरे. पॉलिस्टरचा शर्ट घामाचा वास धरून बसतो. धुऊन झाल्यावरही इस्त्री फिरवली की तो परत उठतो. पुष्कळ जण टी-शर्टवर प्रवास करतात आणि ऑफिसात पोचल्यावर तोंड धुऊन शर्ट चढवतात. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट ज्यांना हे सुचतं त्यांचा शर्ट अकरा वाजताही शर्टासारखा दिसतो. बॅगेत एक जादा रुमाल ठेवा. घाम पुसायचा वेगळा, शिंकताना तोंडावर धरायचा वेगळा.

केसांचं सांगते. रविवारी चोपडलेलं तेल सोमवारी सकाळी डोक्यात तसंच ठेवून निघू नका. गर्दीत डोकी खांद्यांना टेकतात आणि पांढऱ्या शर्टावर पडलेला तेलाचा गोल डाग दिवसभर मीटिंगमध्ये मिरवावा लागतो, तोही दुसऱ्याला. बायकांनी केस मोकळे सोडू नयेत. दाराजवळच्या वाऱ्यात ते मागचीच्या डोळ्यांत, तोंडात जातात. वेणी घाला, नाहीतर घट्ट अंबाडा. मोठा दातेरी क्लचरही नको, तो मागचीच्या हनुवटीला टोचतो. ओढणीची दोन्ही टोकं पिन लावून आवळा. मंगळसूत्र, साखळी कपड्याच्या आत, कारण दारात आणि खिडकीत हिसकावणारे हात असतात.

पायांत मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला. साधी चप्पल गर्दीत निघाली की ती तुमच्या आधी उतरते, आणि टोकदार टाचेखाली आलेली करंगळी दुसऱ्याची असते.

२. तिकीट आणि पास

रोज जायचं असेल तर मासिक किंवा तिमाही पास काढा. पासाबरोबर ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. अधूनमधून जाणाऱ्यांनी मोबाइलवरून किंवा स्टेशनातल्या मशीनवरून तिकीट काढावं; खिडकीवरची रांग सकाळी तुमची गाडी घालवते. तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो, हे नव्यांना माहीत नसतं.

विनातिकीट सापडलात तर भाडं अधिक किमान २५० रुपये. सेकंड क्लासच्या पासावर फर्स्ट क्लासमध्ये सापडलात तरी सुटका नाही, आणि 'चुकून चढलो' हे टीसीने इतक्यांदा ऐकलंय की तो मानही वर करत नाही. साधा फर्स्ट क्लासचा पास एसी लोकलला तसाच चालत नाही, तेही लक्षात ठेवा.

३. फलाटावर

इंडिकेटर पूर्ण वाचायला शिका: वेळ, कुठे जाणार, जलद की धिमी, बारा डब्यांची की पंधरा. बारा डब्यांची गाडी असताना पंधराव्या डब्याच्या जागी उभे राहिलात तर गाडी थांबल्यावर धावावं लागतं, आणि धावताना तुम्ही चार जणांच्या अंगावर जाता. फर्स्ट क्लासला तिरके पट्टे असतात. बायकांचे डबे, दिव्यांगांचा डबा आणि सामानाचा डबा यांच्या खुणा डब्यावर आणि फलाटावर असतात. दोन-तीन दिवस नीट निरखलं की तुमचा डबा कुठल्या खांबाशी येतो ते पाठ होतं.

दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायका आणि कॅन्सरचे रुग्ण प्रवास करू शकतात. बाकी कोणी 'रिकामा दिसला' म्हणून चढू नये. परळला टाटा हॉस्पिटलला जाणारे लोक त्यातून येत असतात, ही मनाची लाज असू द्या. सामानाच्या डब्यात डबेवाले, कोळणी, भाजीवाले असतात. तिथे टोपलीला पाय लागला तर ऐकून घ्यावं लागेल, आणि ते योग्यच.

दादरला फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ पासून बदललेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. एखादे काका जुन्या सवयीने 'मध्य रेल्वेचा तीन नंबर' सांगतील. पाटी बघा.

पुलावर आणि जिन्यावर डाव्या बाजूने चालायचं. फोन आला तर जिन्याच्या मध्यावर थांबायचं नाही, कठड्याला लागून उभं राहायचं. मागे दोनशे माणसं असतात. रूळ ओलांडायचे नाहीत; कायद्याने हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण दंडाचं सोडा, रूळ ओलांडताना माणसं रोज मरतात या शहरात.

४. चढताना

आधी उतरणारे, मग चढणारे. टर्मिनसवर मात्र हा नियम दिसणार नाही. सीएसएमटीला किंवा चर्चगेटला गाडी थांबण्याआधीच लोक आत उड्या मारतात. तुम्ही मारू नका. नव्या माणसाचा पाय कुठे पडावा याचा अंदाज बसलेला नसतो.

दाराच्या मधल्या खांबाला धरून चढा, दुसऱ्याच्या बॅगेचा पट्टा धरून नव्हे. सॅक आधीच पाठीवरून काढून पोटाशी घ्या. पाठीवरची सॅक म्हणजे मागच्याच्या छातीवर ठेवलेली जादा माणसाची जागा, शिवाय चेन उघडणाऱ्याला आमंत्रण. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यात जीव गेले. दारातून बाहेर ना अंग असावं, ना बॅग. एक गाडी सुटली तर पाच मिनिटांत दुसरी येते. ऑफिसात उशिरा पोचण्याची बोलणी खाऊन माणूस मरत नाही.

कुठल्या गाडीत चढू नये हे मात्र रेल्वेच्या वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. संध्याकाळी विरार जलद गाडीत अंधेरीसाठी चढायचं नाही. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत ठाण्यापुरतं चढायचं नाही. कायद्याने तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण आत ज्यांना दीड-दोन तास जायचंय ते तुम्हाला दाराशी येऊ देणार नाहीत, आणि तुमचं स्टेशन डोळ्यांसमोरून निघून जाईल. ही दादागिरीच आहे, मला ती पटत नाही. पण नव्याने तिच्याशी भांडायला जाऊ नये. ठाण्याला ठाण्याची गाडी असते.

दुसरं दुखणं 'रिटर्न'वाल्यांचं. सकाळी डोंबिवली लोकल डोंबिवलीहून सुटते, म्हणून तुम्ही रिकाम्या डब्याच्या आशेने उभे राहता आणि गाडी येते ती भरलेलीच, कारण दिवा-कोपरचे लोक सीट मिळावी म्हणून उलट्या दिशेने डोंबिवलीपर्यंत बसून आलेले असतात. यावरून रोज तू-तू मैं-मैं होते. तुम्हाला असं यायचं असेल तर निदान तिथपर्यंतचा पास हवा.

५. आत गेल्यावर

दारात थांबू नका. दोन स्टेशनांनंतर उतरायचं असलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर आत, सीटांच्या मधल्या जागेत सरका. दारात वारा लागतो खरा, पण तिथे उभं राहणारे रोजचे असतात आणि कोण कुठे उतरणार हे त्यांचं ठरलेलं असतं. तुम्ही मध्ये आलात की सगळी साखळी तुटते.

बॅग वर रॅकवर द्या. हात पोचत नसेल तर बसलेल्याला नुसती दाखवा, तो घेईल आणि ठेवेल. उतरताना 'ती निळी' एवढं म्हटलं की ती हातोहात तुमच्यापर्यंत येते. ही सोय मला मुंबईची सगळ्यात गोड गोष्ट वाटते. मात्र बॅग टाकून डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ११ जुलै २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर 'ही कोणाची बॅग?' हा प्रश्न गंमत म्हणून विचारला जात नाही. विचारलं की लगेच हात वर करा. पाण्याची बाटली आणि डबा रॅकवरच्या बॅगेत आडवा नको. आमटीचा थेंब खाली बसलेल्याच्या टकलावर पडलेला मी बघितलाय. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पण त्यांनी वर ज्या नजरेने बघितलं ती नजर मला अजून आठवते.

तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो. याला चौथी सीट म्हणतात. 'जरा सरका' म्हणायचीही गरज नसते, हाताने खूण केली की तिघं बोटभर सरकतात आणि तुम्ही अर्धे बाकावर, अर्धे हवेत. चौथ्या सीटवर बसलात तर पाय पॅसेजमध्ये लांब करायचे नाहीत. पुष्कळ डब्यांत अजून अशीही पद्धत आहे की लांबचा प्रवासी अर्ध्या वाटेत उठतो आणि समोर उभ्या असलेल्याला बसवतो. ठाणे गेलं की कोणी 'बसा आता' म्हणालं तर 'नको नको' करत बसू नका, बसा. आणि उद्या तुमची पाळी.

ज्येष्ठांच्या राखीव जागेवर तरुण माणसाने बसूच नये, रिकामी असली तरी. पुढच्या स्टेशनला आजोबा येतात आणि मग तुम्हाला झोपेचं सोंग घ्यावं लागतं, ते फार वाईट दिसतं.

समोरच्या सीटवर पाय ठेवायचे नाहीत. बूट काढून ठेवलात तरी नाही. मोज्यांचा वास बुटांहून भारी असतो. नखं कापणं, नाकात बोट, कानात किल्ली फिरवणं, पिंपल फोडणं ही घरची कामं. कंगवा फिरवायला हरकत नाही, पण तो बसलेल्याच्या डोक्यावर झटकू नका. कंगव्याचा एक उपयोग मात्र सर्वमान्य आहे. वरचा पंखा अडला असेल तर जाळीतून कंगवा किंवा पेन घालून पात्याला ढकला, तो फिरायला लागतो, आणि तेवढ्यापुरते तुम्ही अख्ख्या डब्याचे लाडके.

खाणं कमीत कमी. शेंगा खाल्ल्या तर टरफलं कागदात. वडापाव गर्दीत नको, चटणी दुसऱ्याच्या बाहीला लागते. गुटखा-मावा तोंडात धरून चढलात तर थुंकायला जागा एकच उरते, दार. तिथून उडालेली पिचकारी मागच्या दारातल्या माणसाच्या तोंडावर येते. याच्यावरून हाणामाऱ्या होतात आणि मला मार खाणाऱ्याची दया येत नाही.

आवाजाचं काय करायचं? मोबाइलचा स्पीकर बंद. रील, क्रिकेट, आईचा व्हिडिओ कॉल, सगळं इअरफोनमध्ये. फोनवर 'मी दादरला पोचलो' एवढंच बोला. घरच्या वाटणीचा वाद अख्ख्या डब्याला ऐकायची इच्छा नसते (थोडी असते, पण ते सोडा). टाळ घेऊन भजन म्हणणारे ग्रुप आणि मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते खेळणारे ग्रुप तुमच्या आधीपासून आहेत. ती त्यांची रोजची बैठक असते. आवाज सहन होत नसेल तर पुढच्या स्टेशनला डबा बदला. दसऱ्याच्या आधी हेच लोक डब्याला तोरणं बांधतात, पूजा करतात आणि तुम्हाला पेढा देतात. घ्या. ओळख अशीच होते.

बोलताना 'काका', 'दादा', 'भाऊ', 'ताई', 'मावशी' चालतं. पंचेचाळीशीच्या बाईला 'आजी' म्हणू नका, एवढी एकच काळजी.

६. बायकांचा डबा

नव्या मुलींनो, हा भाग तुमचा. बायकांच्या डब्यात सीट नशिबाने मिळत नाही, ती विचारून मिळते. चढल्याबरोबर बसलेल्यांना विचारत जायचं:

'ताई, कुठे उतरणार?'

'घाटकोपर.'

'सांगितलंय का कोणाला?'

'नाही.'

'मग मला द्या हं.'

झालं, ती सीट तुमची. घाटकोपरला ती उठेल तेव्हा तिच्यासमोर दुसरी कोणी उभी असली तरी ती मान हलवून तुम्हाला बोलावेल. पण ही बुकिंग टिकवायची असेल तर तिच्या नजरेसमोर राहा. आणि तुम्हाला कोणी विचारलं तर खरं स्टेशन सांगा. 'ठाणे' सांगून डोंबिवलीपर्यंत बसून राहणारीला आमच्या डब्यात दुसऱ्या दिवसापासून कोणी सीट देत नाही.

मेकअप चालतो. पहाटे साडेपाचला उठून दोन डबे भरून आलेली बाई बसल्यावर काजळ घालते, लिपस्टिक लावते, त्यात कोणाचं काही जात नाही. गाडी थांबलेली असताना घाला, म्हणजे काजळ गालावर जात नाही. नेलपॉलिश मात्र नको, त्याचा वास डोक्यात जातो. केस विंचरले तर गळलेले केस बोटाला गुंडाळून पर्समध्ये टाका. खाली टाकलेले केस कोणाच्या तरी डब्याच्या पिशवीला चिकटून घरी जातात. परतीच्या गाडीत मटार सोलणं, गवार मोडणं, मेथी निवडणं हे सगळं मान्य आहे, फक्त देठं आणि सालं पिशवीत भरायची. सीटखाली सारायची नाहीत.

गजरा घाला, हौसेने घाला. पण रात्रीच्या गाडीत कोमेजलेला मोगरा आणि घाम एकत्र झाले की त्रास होतो. तो उतरवून पिशवीत ठेवावा.

कुठला डबा चोवीस तास बायकांचा आणि कुठला ठरावीक वेळेपुरता, ते डब्यावर लिहिलेलं असतं. रात्री तेवढं वाचून चढा. १२ वर्षांपर्यंतचा मुलगा आईबरोबर येऊ शकतो. त्याहून मोठा घोडा घेऊन येणाऱ्या मावशींशी वाद घालायचा की नाही, हे त्या दिवशीच्या तुमच्या मूडवर. पाच मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल सुटली. तुमच्या वेळेला अशी गाडी असेल तर ती धरा, पुष्कळ त्रास वाचतो. आणि कोणी त्रास दिला तर गप्प बसू नका, आवाज चढवा. सगळा डबा तुमच्या बाजूने उठतो. रेल्वे पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हे दोन्ही नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

पुरुषांनो, जनरल डब्यात शेजारी बाई उभी असेल तर हात वर, हँडलवर, दिसेल असे ठेवा. गर्दी असते, धक्का लागतो, ते तिलाही कळतं. मुद्दाम लागलेला धक्काही तिला कळतो.

७. उतरायची तयारी

नवा माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. स्टेशन आल्यावर उठायचं नसतं. दादरला उतरायचं तर जलद गाडीत कुर्ला सुटलं की उठायचं, पश्चिमेला वांद्रं सुटलं की. दार कुठल्या बाजूला येणार ते आधी विचारून घ्या, रोजच्या लोकांना पाठ असतं. मग समोरच्याच्या खांद्याला हलकेच हात लावून एकच शब्द: 'दादर?' तो 'हो' म्हणाला तर त्याच्या मागे लागा. त्याने मान हलवली तर तो स्वतःच अंग चोरतो, तुम्ही पुढे जाता, तो तुमच्या जागी मागे. असं एकेकाला विचारत, जागा बदलत, माटुंगा मागे पडेपर्यंत उतरणाऱ्यांची रांग दारापर्यंत लागलेली असते. डब्यात बोट शिरायला जागा नसताना ही रांग कशी लागते हे बघण्यासारखं असतं.

रांगेत लागलात की चुळबुळ करायची नाही. पुढच्याला ढकलायचं नाही, गाडी थांबायच्या आत तर अजिबात नाही. दारात उभ्या असलेल्या, पण पुढे जायच्या प्रवाशाने अशा वेळी फलाटावर उतरून बाजूला उभं राहायचं आणि लोक उतरल्यावर परत चढायचं. ती जबाबदारी उद्या तुमचीही असू शकते. फलाटावर पाय टेकला की चालू लागा. खिशात मोबाइल आहे का, छत्री राहिली का, हे चार पावलं पुढे जाऊन तपासा.

उतरता आलं नाही तर? ओरडू नका, साखळी तर मुळीच ओढू नका. कारणाशिवाय ओढली तर तो गुन्हा आहे आणि मागच्या सगळ्या गाड्या तुमच्यामुळे थांबतात. पुढच्या स्टेशनला उतरा, परतीची गाडी धरा.

८. पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर हे वेगळंच प्रकरण. छत्री फलाटावरच झटकून मिटा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. ओली छत्री दाराच्या कडीला लटकवलीत तर तिचं पाणी खालच्याच्या बुटात जातं. रेनकोट चढण्याआधी काढा, नाहीतर तुम्ही कोरडे आणि आजूबाजूचे चौघं ओले. खिडकी लावायची की उघडी ठेवायची यावर खिडकीवाल्याची मर्जी चालत नाही, ज्याच्यावर पाणी येतंय त्याचं चालतं.

ओल्या बुटांचा वास हा पावसाळ्यातला मोठा शत्रू. घरी गेल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, दोन जोड असतील तर आलटून पालटून घाला. नाहीतर सरळ रबरी सँडल घालून जा आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बूट ठेवा. नीट न वाळलेले कपडे घालू नका. त्या कुबट वासावर कुठलंही अत्तर चालत नाही. पंख्याखाली वाळवा, इस्त्री फिरवा.

डोळ्यांची साथ असेल तर हँडल धरलेला हात डोळ्यांना लावू नका आणि तुमचे डोळे आले असतील तर घरी बसा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. एक ते तीन दिवसांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारा, ताप यायची वाट बघू नका.

९. बस, मेट्रो, रिक्षा

हे थोडक्यात, कारण लोकल जमली की बाकीचं आपोआप जमतं.

बेस्टच्या थांब्यावर रांग असते आणि ती पाळली जाते. मध्येच घुसणाऱ्याला मुंबईकर लोकलमध्ये माफ करेल, बसच्या रांगेत नाही. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसीचं १२ आहे, तेवढे सुट्टे काढून ठेवा. पाचशेची नोट कंडक्टरपुढे केलीत तर जे ऐकाल ते तुमच्याच कर्माने. 'पुढे चला, पुढे चला' हे तुम्हालाच उद्देशून असतं.

मेट्रोत फलाटावर खुणा आखलेल्या असतात, त्यांच्या बाजूला उभं राहायचं. खाणं नाही, खाली फतकल मारून बसणं नाही. बंद डबा असल्यामुळे काखेचा धडा इथे दुप्पट लागू.

रिक्षा शहरात वांद्रे आणि सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ आणि टॅक्सीचं ३१ रुपये. मीटर टाकायला सांगा, त्यात कमीपणा नाही. शेअर रिक्षात मागे तिघं बसतात. मधला आधी उतरणार असेल तर त्याला आत कोंबू नका, कडेला बसवा. सॅक मांडीवर, ओली छत्री पायांपाशी, सुट्टे पैसे उतरायच्या आधी हातात, आणि रांगेत पुढे आजी-आजोबा असतील तर त्यांना ही रिक्षा देऊन तुम्ही पुढची घ्या.